थार आणि जिम्नी : सस्पेन्शन लिफ्ट बसवावी का, आणि बसवायचीच तर कोणती?

लिफ्ट, म्हणजे गाडी उंच करणारा बदल, बसवली की गाडीखालचे सारे काही वर जाते, हा समज खरेदीपूर्वीच दूर झालेला बरा. सस्पेन्शन लिफ्टमध्ये स्प्रिंगच्या वर असलेले भाग, म्हणजे चासी, इंजिन, पेट्रोलची टाकी आणि बॉडी, तेवढे उचलले जातात. चाकांना जोडलेला अखंड एक्सल आणि त्याच्या मधोमध लोंबणारा डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचा, गोळा मात्र जिथल्या तिथे राहतो, कारण त्याची जमिनीपासूनची उंची केवळ टायरच्या व्यासावर ठरते. आपल्याकडे चारही चाके फिरवणारी गाडी हौसेने घेणाऱ्यांपुढे प्रामुख्याने दोन पर्याय असतात : २०२० पासूनची तीन दारांची महिंद्रा थार आणि २०२३ मध्ये आलेली पाच दारांची मारुती सुझुकी जिम्नी. एकच उपाय या दोन गाड्यांना सारखा लागू पडत नाही.

जिम्नीला पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड एक्सल आहे. तिचा कंपनीने दिलेला २१० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासूनची मोकळी उंची, पन्नास मिलिमीटरच्या लिफ्टनंतरही डिफरन्शियलखाली तसाच राहतो. थारला मागे अखंड एक्सल असला तरी पुढे डबल विशबोन पद्धतीचे, म्हणजे प्रत्येक चाक वरच्या व खालच्या अशा दोन आर्मनी धरणारे, स्वतंत्र सस्पेन्शन आहे, आणि पुढचा डिफरन्शियल चासीच्या बाजूला बसवलेला असल्यामुळे तो लिफ्टबरोबर वर जातो. म्हणजे त्याच उंचीच्या लिफ्टमधून थारला पुढच्या बाजूस जे मिळते ते जिम्नीला मिळत नाही. मागच्या एक्सलखाली मात्र दोघीही होत्या तिथेच राहतात.

मग जिम्नीला लिफ्टचा उपयोग काय, असा प्रश्न येतो. उत्तर कोनांमध्ये आहे. पाच दारांसाठी व्हीलबेस २५९० मिलिमीटरपर्यंत वाढवल्यामुळे तिचा ब्रेकओव्हर कोन, म्हणजे उंचवटा ओलांडताना पोट टेकू न देणारा कोन, २४ अंशांवर आला आहे. थारचा व्हीलबेस २४५० मिलिमीटर असून तिचा हाच कोन २७ अंश आहे. पन्नास मिलिमीटरच्या लिफ्टने जिम्नीच्या ब्रेकओव्हर कोनात साध्या भूमितीनुसार सुमारे चार अंशांची भर पडते, आणि बांधावरून किंवा ओढ्याच्या काठावरून गाडी पलीकडे नेताना हे चार अंश स्पष्ट जाणवतात. थारचा पुढचा ॲप्रोच कोन, म्हणजे चढाला भिडताना नाक टेकू न देणारा कोन, मुळातच ४१.८ अंश असल्याने तिला त्या बाजूने फारशी उणीव भासत नाही.

लिफ्टशिवायचा पर्याय म्हणजे केवळ टायर बदलणे, आणि तो मी सर्वांत आधी विचारात घेईन. जिम्नीच्या मूळ १९५/८० आर १५ टायरचा व्यास ६९३ मिलिमीटर भरतो. २१५/७५ आर १५ टायर घातला तर व्यास दहा मिलिमीटरने वाढतो आणि एक्सल जेमतेम पाच मिलिमीटर वर जातो. येथे लाभ उंचीचा नसून जाड बाजू आणि खोल नक्षीचा आहे. २३५/७५ आर १५ मध्ये एक्सल वीस मिलिमीटर उचलला जातो, परंतु व्यास जवळजवळ सहा टक्क्यांनी वाढल्याने स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात तेवढ्याच प्रमाणात अधिक वेगाने धावते, गिअर तेवढेच लांब होतात, आणि १३४ न्यूटन मीटर टॉर्क असलेल्या दीड लिटरच्या इंजिनाला भरलेली गाडी घाटात ओढताना एक गिअर खाली यावे लागते. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या चिखलाच्या वाटेवर गाडी अडते ती बहुतेक वेळा पकड गेल्यामुळे, पोट टेकल्यामुळे नव्हे. तिथे पन्नास मिलिमीटर उंच झालेली पण रस्त्याचेच टायर असलेली गाडी, मूळ उंचीच्या आणि योग्य टायर असलेल्या गाडीच्या मागेच राहील.

लिफ्टचा स्वस्त मार्ग म्हणजे स्पेसर, अर्थात स्प्रिंगला उंची देणारी जाड चकती. काही हजारांत काम होते आणि मूळ स्प्रिंग व शॉकॲब्सॉर्बर कायम राहतात. जिम्नीमध्ये स्पेसर स्प्रिंगच्या डोक्यावर बसतो. तो जितका जाड, तितकी गाडी उचलली जाते. अडचण शॉकॲब्सॉर्बरची आहे. त्याची लांबी मूळचीच असल्याने तो उभ्या गाडीतच अधिक ताणलेला राहतो, चाकाला खड्ड्यात खाली उतरायला वाव कमी उरतो, आणि वेगात गतिरोधक ओलांडल्यावर चाक सुटते तेव्हा आतून धातूचा ठोका ऐकू येतो. ज्या लवचीकपणासाठी जिम्नी घेतली, तोच अशा रीतीने गमावला जातो. थारच्या पुढच्या बाजूला स्पेसर स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरच्या एकत्र जोडीच्या, वर बसतो, आणि स्ट्रट खालच्या विशबोनला चाकापासून आतल्या अंगाला जोडलेला असल्यामुळे मिळणारी उंची स्पेसरच्या जाडीपेक्षा बरीच जास्त असते. हे न समजता जाड स्पेसर घातल्यास चाकांना ताकद पोहोचवणारे ड्राइव्ह शाफ्ट तिरके होतात, त्यांच्या सांध्यांवरील रबरी बूट घासून फाटू लागतात आणि वरच्या विशबोनचा बॉल जॉइंट चाक लोंबकळताना आपल्या मर्यादेला टेकतो. थारला स्पेसर घालायचाच असेल तर मिळणारी उंची पंचवीस ते तीस मिलिमीटरच्या आत ठेवावी, असे माझे मत आहे. जिम्नीला तो घालूच नये.

पूर्ण किटमध्ये स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर दोन्ही एकमेकांना जुळणाऱ्या लांबीचे येतात. ओल्ड मॅन एमू आणि आयर्नमॅन ४ बाय ४ या ऑस्ट्रेलियन नावांची चर्चा आपल्याकडे अधिक होते. खर्च स्पेसरच्या कितीतरी पट, सहज लाखाच्या घरात जाणारा. या पैशात उंचीपेक्षा नियंत्रण अधिक विकत मिळते : लांब कच्च्या रस्त्यावर तेल तापून मूळ शॉकॲब्सॉर्बर ढिले पडतात, तसे चांगल्या किटमध्ये लवकर होत नाही, आणि स्पिती किंवा लडाखकडे सामानासह जाणाऱ्यांना हा फरक उंचीहून मोलाचा वाटतो. मात्र स्प्रिंग निवडताना गाडीवर कायम किती वजन राहणार आहे हे प्रामाणिकपणे सांगावे. टपावरचा तंबू, विंच आणि जादा टाकी ‘पुढेमागे बसवू’ म्हणून जड भाराच्या स्प्रिंग घेतल्या, तर रिकामी गाडी लाकडी पाटासारखी उडत राहते.

जिम्नीच्या बाबतीत किटची किंमत म्हणजे सगळा खर्च नव्हे. गाडी वर गेली की पुढच्या एक्सलला धरणारे आर्म खाली झुकतात, एक्सल किंचित फिरतो आणि कॅस्टर कोन, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. मग हमरस्त्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ होईनासे होते आणि गाडी भरकटल्यासारखी वाटते. अखंड एक्सलमध्ये हा कोन जुळवण्याची सोय मूळ रचनेत नसल्याने अलाइनमेंटच्या दुकानात तो सुधारत नाही. त्यासाठी कॅस्टर सुधारणारे खास बुश, म्हणजे आर्मच्या टोकातले रबरी जोड, लागतात. दुसरा मुद्दा पॅनहार्ड रॉडचा. एक टोक चासीला आणि दुसरे एक्सलला बांधलेल्या या दांड्याची लांबी ठरलेली असल्याने चासी वर गेली की एक्सल काही मिलिमीटर बाजूला ओढला जातो. गाडीच्या नेमके मागे उभे राहून पाहिले, तर एका बाजूचा टायर फेंडरच्या थोडा बाहेर आणि दुसऱ्या बाजूचा आत दिसतो. लांबी बदलता येणारा रॉड हा त्यावरचा उपाय. चाळीस मिलिमीटरपर्यंतच्या लिफ्टमध्ये बरेच जण हे दोन्ही खर्च टाळतात. पन्नासला पोहोचल्यावर निदान कॅस्टरचा खर्च टाळता येत नाही.

बॉडी लिफ्ट, म्हणजे चासी आणि बॉडीच्या मध्ये ठोकळे घालणे, हा प्रकार केवळ मोठ्या टायरसाठी जागा करतो; पोटाखालची चासी तसूभरही हलत नाही. २०१० ते २०२० मधल्या जुन्या थारच्या बऱ्याचशा गाड्यांना पुढे टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारे दांडे, आणि मागे कमानपाटे असल्याने तिचा हिशेब वेगळाच आहे. तिथे बोल्ट पिळून पुढची बाजू फुकटात उचलता येते, पण गाडी आदळू लागते.

कायद्याची बाजू दोन्ही गाड्यांना सारखीच आणि सारखीच अडचणीची आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने वाहनातील फेरबदलांवर मर्यादा घातली आहे, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत बदलांविरुद्ध निर्णय दिला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार विनापरवाना फेरबदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. बाजारात किट उघडपणे मिळतात, यावरून ते नियमात बसतात असे ठरत नाही. वॉरंटी आणि विम्याच्या दाव्यातही हा मुद्दा पुढे येऊ शकतो, म्हणून दोन्हीकडे आधीच लेखी विचारून घ्यावे. शिवाय गुरुत्वमध्य वर जातो. १६४५ मिलिमीटर रुंदीच्या जिम्नीला वेगातल्या वळणावर तो थारपेक्षा अधिक भोवतो.

म्हणून थार असेल आणि वापर शनिवार-रविवारचा असेल, तर चांगले टायर आणि खालच्या संरक्षक पत्र्यांवर थांबावे. त्या गाडीची मूळ उंची बहुतेकांच्या कौशल्याहून अधिक आहे. जिम्नी असेल, टायर बदलून झाले असतील आणि तरीही पोट वारंवार टेकत असेल, तर चाळीस मिलिमीटरचे पूर्ण किट घ्यावे. सामान लादून लांबचे प्रवास करणाऱ्याने गाडी कोणतीही असो, उंचीचा आकडा न पाहता शॉकॲब्सॉर्बरवर पैसे घालावेत.

काम करून घेताना दोन गोष्टींवर स्वतः नजर ठेवावी. रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर लोंबकळत असताना पूर्ण आवळू नयेत. चाके जमिनीवर टेकून सगळे वजन आल्यावरच शेवटचा पीळ द्यावा, अन्यथा बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहून लवकर फाटतात. आणि चासी उचलून चाक पूर्ण लोंबू द्यावे, मग ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जाते का ते हाताने चाचपून पाहावे. पुढे चारपाचशे किलोमीटरनंतर स्प्रिंग थोड्या बसतात. तेव्हा चारही कोपऱ्यांची उंची मोजून बोल्ट पुन्हा तपासावेत, अलाइनमेंट करावे आणि वर गेलेले हेडलाइटचे झोत खाली आणून घ्यावेत.