शेंगेन व्हिसा आणि पोहोचण्याची तारीख: द्राक्ष हंगामातील वापरानंतरचा अनुभव

आमचा व्यवसाय द्राक्ष निर्यातीचा आहे. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतील बागांचा माल आमच्या पॅकहाऊसमध्ये येतो आणि तेथून न्हावा-शेवामार्गे नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदराला जातो. माल उतरतो त्या दिवसांत तेथे हजर राहता यावे म्हणून मागील हंगामांत एका प्रवेशाचे शेंगेन व्हिसा (नेदरलँड्ससह युरोपातील अनेक देशांच्या गटासाठीचा एकच व्हिसा) घेतले होते आणि आता दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा व्हिसा गेले काही महिने वापरत आहे. या काळात एक गोष्ट ठामपणे पटली आहे. कागदपत्रे बहुतेकांची नीट असतात. काम अडते ते पोहोचण्याची तारीख आणि अर्जाची तारीख यांचा मेळ न बसल्यामुळे. म्हणून हा अनुभव मुख्यतः तारखांविषयी आहे.

आधी नियम सांगतो. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या आधी जास्तीत जास्त सहा महिने आणि सर्वसाधारणपणे किमान 15 दिवस दाखल करावा लागतो. अर्जावरील निर्णय 15 दिवसांत अपेक्षित असतो, पण एखाद्या प्रकरणात तो 45 दिवसांपर्यंत लांबू शकतो. आमच्याकडे बहुतेक जण यातील 15 हाच आकडा लक्षात ठेवतात, आणि माझ्या मते तेथेच हिशेब चुकतो. समजा, 10 मार्चला पोहोचायचे आहे. नियमाप्रमाणे 23 फेब्रुवारीपर्यंत अर्ज चालेल, परंतु निर्णयाला 45 दिवस लागले तर 24 जानेवारीला दिलेला अर्जसुद्धा प्रवासाच्या दिवशीच निकाली निघेल. त्यातच पासपोर्ट कुरिअरने नाशिकला परत येण्याचे दिवस आणि अर्ज केंद्रातील अपॉइंटमेंटची प्रतीक्षा मिळवावी लागते. हंगामाच्या तोंडावर ही अपॉइंटमेंटच सर्वांत दुर्मिळ असते. त्यामुळे निर्णयाच्या दिवसापासून मोजण्याऐवजी पासपोर्ट हातात हवा त्या दिवसापासून मागे मोजत जाणे मला सर्वांत भरवशाचे वाटले. मार्चच्या प्रवासासाठी दिवाळी उरकल्यावर, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात फाइल दाखल करणे आम्हाला सोयीचे पडते, कारण त्यानंतर नाताळ आणि नववर्षाच्या सुट्ट्या येतात.

फार लवकर अर्ज करण्यातही अर्थ नसतो. मार्चच्या प्रवासासाठी सप्टेंबरमध्ये अर्जाची खिडकी उघडते खरी, पण तेव्हा ऑक्टोबर छाटणीही झालेली नसते. छाटणीपासून काढणीपर्यंत साधारण चार महिने जातात, आणि मधल्या पावसाने बाग कधी पुढे-मागे होईल हे कोणीही सांगू शकत नाही. खरेदीदाराचे निमंत्रणपत्र, बँकेचे अलीकडचे खातेउतारे, विमा आणि विमानाचे आरक्षण या सर्वांवरील तारखा एकमेकींशी जुळाव्या लागतात. सप्टेंबरात ओढूनताणून जमवलेल्या तारखा मार्चपर्यंत टिकत नाहीत.

आमच्या धंद्यात तारखेला इतके महत्त्व का, हे सांगणे आवश्यक आहे. खरेदीदाराच्या गोदामात कंटेनरचे दार उघडले की प्रथम आतील तापमान नोंदवणारे छोटे यंत्र काढून वाचले जाते. मग पेट्या खाली घेऊन पनेट, म्हणजे द्राक्षांचे छोटे डबे, उघडले जातात, घडाचा देठ हिरवा आहे की तपकिरी पडला आहे हे पाहिले जाते आणि घड उचलून हलका झटकला जातो, म्हणजे मणी गळतात का ते कळते. त्यावरून गुणवत्तेचा अहवाल तयार होतो आणि क्लेम, म्हणजे खरेदीदाराची भरपाईची मागणी, लागायचा असेल तर त्याच अहवालावर लागतो. त्या वेळी माल पाठवणारा समोर उभा असेल तर बोलणी वेगळ्या पद्धतीने होतात. दोन दिवसांनी पोहोचलेल्या माणसाच्या हाती फक्त छायाचित्रे लागतात. त्यात 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजे सुएझचा मार्ग सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि कंटेनर पोहोचण्याचा अंदाज बांधणे आणखी कठीण झाले.

अशा अनिश्चित तारखेसाठी एका प्रवेशाच्या व्हिसातील एक तरतूद फार उपयोगी ठरली. अर्जात जितके दिवस मुक्काम दाखवला असेल, त्यापेक्षा व्हिसाची मुदत सामान्यतः 15 दिवसांनी जास्त ठेवली जाते. मुक्कामाचे दिवस वाढत नाहीत. ते कधी वापरायचे याची मोकळीक मिळते. मात्र ही मोकळीक पुढच्या बाजूला असते, मागच्या बाजूला एका दिवसाचीही नसते. म्हणून अर्जात पोहोचण्याची तारीख लिहिताना जहाजाच्या अंदाजातील सर्वांत लवकरची शक्य तारीख लिहावी, असे मी आवर्जून सांगेन. जहाज आठवडाभर उशिरा आले तर व्हिसा सांभाळून घेतो, पण लवकर आले तर सुरुवातीच्या तारखेआधी सीमा ओलांडता येत नाही. विम्याच्या तारखा मात्र प्रवास सरकला की आपल्यालाच सरकवून घ्याव्या लागतात. त्या विम्याचे संरक्षण किमान 30,000 युरोचे असणे बंधनकारक आहे.

मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात, आणि तेथील घड्याळ आपल्या मागे असल्याने त्याच तारखेच्या सकाळी पोहोचतात. नाशिकहून 9 तारखेच्या संध्याकाळी निघालेला माणूस 10 तारखेला विमानात बसतो आणि 10 तारखेलाच उतरतो. हा हिशेब तिकीट काढण्याआधी कागदावर मांडलेला बरा, कारण व्हिसा 11 तारखेपासून सुरू होत असेल तर त्या विमानाला तो चालत नाही. पासपोर्ट परत आल्यावरही पाकीट उघडून लगेच व्हिसाच्या स्टिकरवरील सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख, मुक्कामाचे दिवस आणि प्रवेशांची संख्या या चार गोष्टी पाहून घ्याव्यात.

प्रवेशांच्या संख्येकडे द्राक्ष व्यावसायिकांनी विशेष लक्ष द्यावे. ब्रिटन ही आपल्या द्राक्षांची मोठी बाजारपेठ आहे, पण ते शेंगेनमध्ये नाही. रॉटरडॅमहून लंडनला जाऊन पुन्हा नेदरलँड्समध्ये यायचे असेल तर एका प्रवेशाचा व्हिसा लंडनला निघतानाच संपलेला असतो. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसाचा अर्ज, ज्यावर व्यावसायिक भेटीही करता येतात, प्रवासाच्या तीन महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. त्यामुळे आधी शेंगेनचा अर्ज, पासपोर्ट परत आल्यावर ब्रिटनचा, हाच क्रम आम्हाला व्यवहार्य वाटला. पासपोर्ट एका दूतावासात अडकलेला असताना दुबईची एखादी तातडीची भेटसुद्धा करता येत नाही, हे कॅलेंडर आखताना धरून चालावे.

अपॉइंटमेंटसाठी आम्ही मुंबई गाठतो. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने जाणाऱ्याने दुपारची वेळ निवडावी; पावसाळ्यात कसारा घाटाचा भरवसा नसल्याने आदल्या दिवशी मुक्कामाला जाणे उत्तम.

दोन वर्षांच्या व्हिसाने यातील पुष्कळ ओझे उतरवले आहे. एप्रिल 2024 मध्ये युरोपीय आयोगाने भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी केलेल्या व्यवस्थेनुसार, आधीच्या तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून ते नियमाप्रमाणे वापरलेले असतील तर दोन वर्षांचा, आणि पुढे पाच वर्षांचा व्हिसा मिळू शकतो. आता जहाजाची तारीख निश्चित झाल्यावर तिकीट काढतो आणि निघतो. तरीही कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांची मर्यादा कायम असते आणि त्यात उतरण्याचा व परतण्याचा असे दोन्ही दिवस धरले जातात. 12 ऑक्टोबर 2025 पासून सीमेवर शिक्क्यांच्या जागी संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाल्याने हा हिशेब आपल्याकडेही चोख हवा. युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावरील दिवस मोजण्याची सोय मी प्रत्येक तिकिटाआधी वापरतो.

उणिवाही सांगायला हव्यात. शुल्क 11 जून 2024 पासून प्रौढांसाठी 90 युरो झाले असून अर्ज नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. लहान निर्यातदार आणि स्वतः माल पाठवणारे शेतकरी यांना पहिला व्हिसा बेतास बात दिवसांचाच मिळतो, आणि नेमकी त्यांनाच तारखेच्या मोकळिकीची सर्वाधिक गरज असते. ही मला या व्यवस्थेतील खरी त्रुटी वाटते.

दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी जाणाऱ्यांनी पासपोर्टची मुदत आधी पाहावी. शेंगेनमधून परतल्यानंतर पासपोर्ट किमान तीन महिने वैध असावा लागतो, तो मागील दहा वर्षांत दिलेला असावा लागतो आणि त्यात दोन कोरी पाने हवीत. मुदत थोडी उरली असेल तर पात्रता असूनही मोठा व्हिसा हातचा जातो. पासपोर्टचे नूतनीकरण छाटणीपूर्वी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उरकले तर नोव्हेंबरची फाइल नव्या पासपोर्टवर दाखल करता येते. जुन्या पासपोर्टवरील व्हिसांच्या प्रती तेव्हा सोबत जोडाव्यात, कारण पात्रतेचा पुरावा त्याच पानांवर असतो.