एलईडी इंडिकेटरच्या नावाखाली रेझिस्टर बांधून दिले: पिकअपवाल्यांनो, बघून घ्या

पिकअपचे इंडिकेटर एलईडी करून घेताना नाशिकच्या द्वारका भागातल्या एका दुकानात माझी फसवणूक झाली. टोमॅटोचा सीझन सुरू आहे, गिरणारे-पिंपळगाव पट्ट्यातल्या गाड्या रात्री-अपरात्री वाशीला पळतात, म्हणून सगळं लिहितोय.

दुकानदार म्हणाला, साधा बल्ब 21 वॅटचा, एलईडी फक्त तीन वॅटचा, बॅटरीवर लोडच नाही. चार बल्बचे 1,200 रुपये घेतले. बसवल्यावर इंडिकेटर भरभर उघडझाप करायला लागले. लगेच म्हणाला, "दादा, तुमचा फ्लॅशर (इंडिकेटरची उघडझाप करणारा पार्ट) गेलाय. एलईडीचा टाकावा लागेल." त्याचे वेगळे 650. मग उघडझाप नीट झाली. बिल मागितलं तर "व्हॉट्सअ‍ॅपला पाठवतो." ते आजतागायत आलेलं नाही.

फ्लॅशर गेलेला नव्हताच. साधा बल्ब 12 व्होल्टवर पावणेदोन अँपिअर ओढतो, तीन वॅटचा एलईडी जेमतेम पाव. करंट एवढा कमी झाला की जुना फ्लॅशर बल्ब उडाला असं धरतो आणि भरभर उघडझाप करून ड्रायव्हरला सावध करतो. नियमाप्रमाणे उघडझाप मिनिटाला 60 ते 120 वेळा हवी, म्हणून हे दुरुस्त करावंच लागतं. सरळ उपाय म्हणजे एलईडीला चालणारा फ्लॅशर. पैसे त्याचेच घेतले, पण तो टाकला नाही.

कसारा घाटात धुकं होतं आणि जाम लागला होता. पार्किंग लाईट (चारही इंडिकेटर एकदम) लावून बराच वेळ उभा होतो. मागच्या ट्रकचा ड्रायव्हर उतरून आला आणि म्हणाला, "तुमचा डावा मागचा लागतच नाही." मी तर डॅशबोर्डवरचा बाण बघत होतो, तो अगदी व्यवस्थित लागत होता. मागे गेलो तर दिव्याजवळ प्लास्टिक जळाल्याचा वास.

नाशिकला आल्यावर ओळखीच्या वायरमनने दिवा खोलला. आत सोनेरी रंगाचा, पंख्यांच्या कडा असलेला बोटभर रेझिस्टर, वायरिंगलाच केबल टायने आवळलेला. हा जास्तीचा करंट ओढतो, त्यामुळे जुन्या फ्लॅशरला साधाच बल्ब आहे असं वाटतं. वरची काळी टेप वितळून चिकट झालेली आणि खालच्या वायरचं कव्हर फुगून तांबं दिसत होतं. चारही दिव्यांमागे तेच. डॅशबोर्डखाली जुनाच फ्लॅशर, वरची धूळसुद्धा हललेली नव्हती.

रेझिस्टरवर 6 ओहम, 50 वॅट छापलं होतं. म्हणजे 12 व्होल्टवर तो एकटाच 24 वॅट जाळतो, जुन्या बल्बपेक्षा जास्त. बॅटरीची बचत तिथेच संपली. तो इतका तापतो की लोखंडी पत्र्यावर स्क्रूने बसवायचा असतो, वायरला बांधायचा नसतो. त्याहून वाईट म्हणजे एलईडी मेला तरी रेझिस्टर करंट ओढतच राहतो, म्हणून फ्लॅशरला काही कळत नाही. घाटात मागच्याला माझा इंडिकेटर दिसत नव्हता आणि मला पत्ता नव्हता. या गोष्टीचा मला अजून राग आहे. पैशांचं एक वेळ जाऊ दे, पण मागून एखादा ट्रेलर आला असता तर?

एलईडी फ्लॅशर टाकला असेल तर जुना हातात मागून घ्या, तो काढल्याचा तोच पुरावा. दिव्यामागची वायर स्वतः बघा. खरा एलईडी फ्लॅशरही बहुतेक वेळा बल्ब गेल्याचं सांगत नाही, तेव्हा गाडी काढण्याआधी मागे एक फेरी माराच. आणि पांढरा एलईडी घेऊ नका, इंडिकेटर पिवळाच लागतो. केशरी काचेमागे पांढरा उन्हात फिका पडतो.

पैसे परत मागायला गेलो तर दुकानदार म्हणतो, "बिल दाखवा." बिल न देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथाच आहे. मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, ऑनलाइन पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट आणि वितळलेल्या वायरचे फोटो जोडून. तिथे तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे.