नटबोल्टची ढोलकी: तीन वर्षं वाजवल्यावर

ढोलकी घ्यायची हाय, दोरीची घेऊ का नटबोल्टची, असं विचारणारा महिन्याला एक तरी भेटतोच, कधी भजनी मंडळातले काका असतात तर कधी नुकताच ऑर्केस्ट्रात शिरलेला पोरगा असतो, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकतो. मी कोल्हापूरचा, ढोलकीवरच घर चालतं, हळदी, लावणीचे शो, गावजत्रा, भजन, बारसं, येईल ती सुपारी घेतो. आधी बारा वर्षं दोरीची वाजवली आणि गेली तीन वर्षं नटबोल्टची वाजवतोय. शिसमचं खोड, दोन्ही तोंडांना लोखंडी रिंगा, आठ-आठ हुक आणि १३ नंबरचा पाना. शहरातल्याच एका कारागिराकडनं बनवून घेतली, ११,५०० ला पडली. घरच्या काट्यावर साडेसात किलो भरली. हे वजन आधीच सांगून ठेवतो, कारण कमरेला बांधून उभ्यानं वाजवणार असाल तर तासाभरानं पाठ बोलायला लागते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोरीच्या ढोलकीत पुड्या, म्हणजे दोन्ही तोंडांवरची कातडी, दोरीनं आवळलेल्या असतात आणि दोरीतल्या कड्या सरकवून स्वर चढवायचा उतरवायचा. नटबोल्टच्यात तेच काम पाना करतो. कातडं दोन्हीकडं बकऱ्याचंच, वरचा काळा ठिपका म्हणजे शाई तीच, डाव्या पुडीला आतनं घुमाऱ्यासाठीचा मसाल्याचा लेप तोच. म्हणजे फरक फक्त ताण कसा द्यायचा एवढाच, पण आमच्या धंद्यात तो फरक केवढा मोठा हे बावड्याच्या प्रोग्रामला कळलं.

आषाढातली गोष्ट. फोन आला, "मास्तर, शनवारी संध्याकाळी बावड्याला या, देवळाशेजारी हॉल हाय, नातवाचं बारसं हाय, गाणी हैत." आता कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला बावडा म्हटलं की कसबा बावडाच डोळ्यासमोर येणार, घरापासून गाडीवर पंधरा मिनिटं. मी साडेपाचलाच पोचलो, देवळापाशी गाडी लावली, कव्हर खांद्यावरनं उतरवतोय तोवर आतनं एक आजोबा लगबगीनं आले, हाताला धरलं आणि म्हणाले, "आला का बाबा, चल चल, सगळी खोळंबल्यात." आत भजनी मंडळ टाळ घेऊन बसलेलं, पेटीवाल्यानं सूर धरलेला. मला वाटलं बारशाच्या आधी भजन ठेवलंय, चांगली माणसं हैत, बसलो मी. दोन अभंग झाले, तिसरा रंगात आलेला, चहा पण आला, आणि खिशात फोन थरथरायला लागला. "मास्तर, कुठं हाय तुम्ही? हितं पाळणा सजवून बसलोय आम्ही." मी म्हटलं, देवळातच हाय की. ते म्हणाले, "कुठल्या देवळात? गगनबावड्यात आम्हाला तर कुठं दिसंना."

गगनबावडा! पंचावन्न किलोमीटर, आषाढातला पाऊस आणि घाट तोंडावर. तिकडं कळे गावाच्या पुढं गेलं की सगळी लोकं नुसतं बावडाच म्हणतात, त्यांची काही चूक नाही, मीच कुठला बावडा म्हणून विचारायला पाहिजे होतं. भजनी मंडळाचा ढोलकीवाला तेवढ्यात आला, तो ट्रॅफिकमध्ये अडकला होता, त्याला जागा दिली, आजोबांच्या पाया पडलो. त्यांनी प्रसादाचा नारळ हातात दिला आणि म्हणाले, "तुझी ढोलकी ग्वाड हाय, परत ये." तो नारळ डिकीत टाकून मी बालिंग्याच्या पुलावरनं सुटलो, रेनकोट मी घातला नाही, ढोलकीला गुंडाळला.

पोचलो तेव्हा पावणेनऊ. गगनबावड्याचं धुकं ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, हॉलच्या खिडकीतनं आत यायला लागलं होतं, पाळण्यावरची फुलं ओली, भिंती ओल्या. कातडं हवेतली ओल पितं आणि सैल पडतं, घरनं काळी पाचला, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीच्या स्वराला, लावून निघालेली ढोलकी तिथं पांढरी पाचच्याही खाली गेलेली, थाप मारली की ओल्या पोत्यावर हात पडल्यासारखं वाटायचं. दोरीची असती तर चुलीपाशी धरून शेकत बसायला लागलं असतं, कड्या ठोकायच्या, पुन्हा शेकायचं, आणि वाजवायला लागलं की दहा मिनिटांत पुन्हा सैल. मी हे दोरीच्या ढोलकीवर अनेकदा केलंय. त्या दिवशी बाळाच्या मावशीनं हेअर ड्रायर आणून दिला, एकानं मोबाईलची टॉर्च धरली, लांबनं कोमट वारा देत देत पाना फिरवला आणि बारा मिनिटांत ढोलकी काळी पाचला आली. प्रोग्राम साडेदहापर्यंत चालला. दहाला माईक बंद केले कारण दहानंतर लाऊडस्पीकर बंद हा नियमच आहे, पुढचं सगळं नुसत्या ढोलकी-पेटीवर झालं. मधे दोनदा नट आवळायला लागले पण गाणं चालू असताना, दोन ओळींच्या मधल्या जागेत. ही सोय दोरीला नाही, कुणी काही म्हणो.

पण पाना हातात आला म्हणून कसंही फिरवायचं नसतं. हे माझ्या पैशानं शिकलोय म्हणून जरा थांबून सांगतो. नट समोरासमोरचे आवळायचे, पाव आटा इकडं, पाव आटा तिकडं, मग आडवी जोडी, असं फिरत फिरत यायचं आणि प्रत्येक फेरीला चारी बाजूनं बोटानं किनार वाजवून बघायची, सगळीकडं एकच स्वर आला पाहिजे. एका बाजूनं धडाधड आवळत गेलं की रिंग तिरकी बसते, ताण सगळा एकीकडं जातो. कागल साइडला एका हळदीत नेमकं तेच झालं. सगळा कार्यक्रम एका स्वरात व्यवस्थित चाललेला, तेवढ्यात नवऱ्याची आत्या उठली, सत्तरीची बाई, नऊवारी, कपाळभर कुंकू, म्हणाली मला पण हळदीचं गाणं म्हणायचंय. सुरू केलं तर आवाज असा चढा आणि असा सरळ की मंडपातली सगळी माणसं गप्प झाली. तिचा स्वर माझ्यापेक्षा दोनेक स्वर वर. तिला थांबवायचं तर धाडस नव्हतं, म्हणून मी खाली वाकून भराभर हाताशी येतील ते तीन-चार नट एका दमात आवळले आणि पहिल्याच थापेला शाईची पुडी फाटली. आवाज सुतळी बॉम्बचा. मागं बांधलेली म्हैस दावं तोडून निघाली, दोन-तीन पोरं "नवरा आला, नवरा आला" म्हणत गेटकडं पळाली, आणि आत्या? आत्या थांबलीच नाही. तिनं गाणं चालूच ठेवलं आणि माझ्याकडं बघून नुसती हातानं खूण केली, वाजव. समोर हळदीच्या पाण्याची तांब्याची घागर होती, अर्धी भरलेली. बोटातली अंगठी फिरवून आतल्या बाजूला घेतली आणि घागरीवर ठेका धरला. पाच कडवी झाली. नंतर जेवताना आत्या शेजारी येऊन बसली, माझ्या ताटात स्वतः पांढरा रस्सा वाढला आणि म्हणाली, "लेकरा, त्या लाकडापेक्षा घागरच ब्येस हुती."

नवी पुडी १,१०० ला पडली. त्यातही पहिली आणली ती ओली करून, ओढून बसवायच्या आधी ओट्यावर ठेवली आणि गल्लीतल्या कुत्र्यानं तोंडात धरून नेली, मग दुसरी आणली.

तिसरा किस्सा पोलिसांचा, आणि तो सांगतोय कारण या ढोलकीचा एक मोठा गुण त्यातनं कळतो. २०२४ च्या विधानसभेची आचारसंहिता लागलेली, जागोजागी नाकाबंदी, रात्री दोनला शो संपवून येताना अडवलं. साहेबांनी टॉर्च मारली, कव्हर उघडायला लावलं, ढोलकी उचलून हलवली तर आतनं खुळखुळ आवाज. "आत काय हाय?" मी म्हटलं साहेब काही नाही, ढोलकी पोकळ असते. "पोकळ हाय तर वाजतंय काय?" आता हा प्रश्न बरोबरच होता. निवडणुकीच्या दिवसांत रात्री दोनला बंद लाकडी पिंपात काय काय असू शकतं हे त्यांनीच तपासायचं असतं. मग काय, रस्त्याच्या कडेला बॅरिकेडच्या उजेडात बसलो, पाना काढला, डाव्या बाजूचे आठ नट सोडले, रिंग उचलली, पुडी काढली. वीस मिनिटं पण लागली नाहीत. आतनं मसाल्याचे वाळलेले तुकडे पडले, बोटाएवढे. साहेबांनी एकेक वास घेऊन बघितला. आणि माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला, गेला आठवडाभर डाव्या बाजूचा घुमारा पातळ यायला लागला होता आणि मी साऊंडवाल्या पोराला दोष देत होतो, माईक बदलून बघितला, इक्यू बदलून बघितला, पोराला दोन शब्द पण बोललो. लेप सुटत होता आतनं. दुसऱ्या दिवशी त्या पोराला फोन करून माफी मागितली. दोरीची असती तर मी त्या नाक्यावर सकाळपर्यंत बसलो असतो, कारण ती सोडून परत ओढायची म्हणजे कारागिराचंच काम.

जाताना हवालदार म्हणाले, "परत बसवून वाजवून दाखवा की, खरंच ढोलकीवाले हाय का बघू." लेप निम्मा गेलेला, तरी दोन मिनिटं लावणीचा ठेका वाजवला, मागं ऊसाचा ट्रॅक्टर अडकलेला त्याच्या ड्रायव्हरनं शिट्टी मारली, आणि सोडलं आम्हाला.

आता वाईट काय ते. पहिलं म्हणजे खुळखुळ. हुक आणि रिंग लोखंडाची, एखादा नट जरा ढिला राहिला की थापेबरोबर झर्र झर्र करतो, घरात ऐकू येत नाही पण माईक लागला की हॉलभर ऐकू येतो. मी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून प्रत्येक हुकाखाली घातलेत, दीड वर्ष झालं, त्रास नाही. दुसरं गंज. आपल्याकडं जून ते सप्टेंबर नट असे धरतात की पान्यानं सुद्धा हलत नाहीत, दर पंधरा दिवसाला कापडानं तेलाचा हात फिरवायचा, पण कातड्याला तेल लागू द्यायचं नाही. तिसरं कव्हर. बरोबर मिळत नाही, ऑनलाइन मागवलेल्या कव्हरचा पट्टा पहिल्याच महिन्यात एसटीत चढताना तुटला आणि ढोलकी पायरीवर आपटली, खोडाला टवका गेला, शिसम होतं म्हणून तडा गेला नाही. कॅनव्हासचं शिवून घ्या, खाली डबल तळ द्या. आणि आंब्याच्या लाकडाची स्वस्तात मिळते, हलकी पण असते, पण रिंगांचा ताण आणि आपटाआपटी दोन्ही सोसायचं असेल तर थोडे पैसे जास्त घालून शिसमच घ्या.

आवाजाचं खरं सांगायचं तर दोरीची ढोलकी गोड बोलते. लाकूड मोकळं राहतं, लोखंडाचा विळखा नसतो. केशवराव भोसले नाट्यगृहात मी दोरीचीच वाजवायचो. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेलं थिएटर, तिथं हळू थाप मारली तरी मागच्या रांगेत पोचायची, माईकवाल्याला आम्ही म्हणायचो तू जरा लांबच ठेव. ८ ऑगस्ट २०२४ ला रात्री ते जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती, मी खासबागेच्या बाजूला रस्त्यावर उभा होतो, शेजारी पेटीवाला, तबलेवाला, मेकअपवाले, नेपथ्यवाले, सगळे रडत होते. माझी दोरीची ढोलकी अजून आहे, घरी भिंतीला टांगलेली, रियाज तिच्यावरच करतो. पण मंडपात, पत्र्याच्या शेडमध्ये, धुक्यात, पावसात, रोज वेगळ्या गायकाच्या वेगळ्या पट्टीत वाजवायचं असेल तर नटबोल्टचीच न्या.

आणि पैसे वाचवायचे असतील तर कशातही वाचवा पण पुडीत वाचवू नका. शाई म्हणजे नुसता काळा ठिपका नव्हे, लोखंडाची भुकटी आणि खळ थरावर थर घोटून बसवलेली असते. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच लिहून ठेवलंय की आपल्या मृदंग-तबल्यातनं सुरेल स्वर निघतात ते कातडीवर मधोमध चढवलेल्या या वजनामुळं, नुसत्या कातडीतनं तसे निघत नाहीत. म्हणून शाईचा एक टवका उडाला तरी आवाज फुटतो. स्वस्तातल्या पुडीची शाई माझी दोन महिन्यांत उडाली, चांगल्या हातची वर्षभर टिकते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, लई आनंद झाला, ती माणसं त्या मानाची आहेतच. पण ढोलकी-तबला मढवणारी माणसं आपल्याच पेठांमधनं दहा बाय दहाच्या खोलीत बसलेली असतात, हातांना कायम चामड्याचा वास, पोरं या कामात यायला तयार नाहीत, आणि आपण त्यांच्याशी पन्नास रुपयांवरनं घासाघीस करतो. करू नका. माझा कारागीर बासष्टीचा आहे, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, तरी घोटताना कान लावून बसतो.

सध्या माझ्या ढोलकीच्या डाव्या रिंगेचं वेल्डिंग एका ठिकाणी बारीक उकललंय, गणपतीच्या आधी करून घ्यायचंय. लेप नवीन लावलाय. बावड्याच्या आजोबांकडं मधे एकदा जाऊन आलो, एकादशीला वाजवलं, पैसे घेतले नाहीत, त्यांनी परत नारळ दिला. कुणाला घ्यायच्या आधी हात लावून बघायची असेल तर गुरुवारी संध्याकाळी मी तिथंच असतो. कसब्यातल्या बावड्यात.