नागिणीनंतरची न भरणारी जखम आणि डेक्कनजवळचे कॉर्निया क्लिनिक

कपाळावर व डोळ्याभोवती नागीण उठून गेल्यानंतर आईच्या डाव्या डोळ्याच्या कॉर्नियावर (बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्यावर) राहिलेली जखम साध्या थेंबांनी भरून येईना, म्हणून आम्ही डेक्कनजवळच्या या क्लिनिकमध्ये गेलो. जखम असूनही डोळा दुखत नाही हे ऐकताच डॉक्टरांनी आधी कापसाचा बारीक तंतू कॉर्नियाला टेकवून संवेदना तपासली आणि मगच रंगाचा थेंब घालून निळ्या प्रकाशात जखम मोजली. तपासणीचा हा क्रम मला सर्वांत मोलाचा वाटला.

कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. त्याची डागडुजी बऱ्याच अंशी ट्रायजेमिनल चेतेच्या (चेहऱ्याची व डोळ्याची संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूच्या) तंतूंवर अवलंबून असते. हे तंतू सबस्टन्स पी, सीजीआरपी यांसारखी न्यूरोपेप्टाइड, म्हणजे चेतांमधून स्रवणारी रसायने, सोडतात, त्यांच्या प्रभावाने वरच्या थरातील पेशी वाढून जखमेवर सरकतात, आणि नागिणीच्या विषाणूने चेता दुबळी झाली की हे कामच मंदावते, असे त्यांनी कागदावर आकृती काढून समजावले. सबस्टन्स पी व आयजीएफ-१ (पेशींच्या वाढीला चालना देणारे एक प्रथिन) यांच्या एकत्रित थेंबांवर जपानमध्ये संशोधन झाले आहे, तर अमेरिकेत 2018 साली मान्यता मिळालेले सेनेगर्मिन हे चेतावर्धक प्रथिन दर दोन तासांनी, दिवसातून सहा वेळा, आठ आठवडे घालावे लागते आणि अतिशय महाग पडते, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. नव्या औषधाचे गाजर दाखवले नाही, याचे श्रेय द्यायला हवे.

आईला तिच्याच रक्तापासून केलेले, 20 टक्के सीरमचे (रक्तातील पेशी व गुठळी काढून उरलेल्या द्रवाचे) थेंब दिले. सीरममध्ये चेतावर्धक घटक आणि सबस्टन्स पी नैसर्गिकरीत्याच असतात, त्यामुळे आजच्या घडीला आपल्यासारख्यांना परवडेल असा हा मार्ग आहे. जखम हळूहळू बुजली. संवेदना मात्र अद्याप पुरती परतलेली नाही, आणि ती परतेल अशी हमी कोणी दिलीही नव्हती.

उणीव आहे ती औषध हाती देताना. या थेंबांत परिरक्षक (औषध टिकवणारे रसायन) नसल्याने जंतुसंसर्गाचा धोका असतो. तरीही कुपी किती थंड ठेवायची, उघडल्यावर कधी टाकून द्यायची, हे सगळे खिडकीपाशी घाईघाईत तोंडी सांगितले जाते. वयस्कर रुग्णांच्या हाती मराठीत छापलेला एक कागद देणे अवघड नाही. दिलेल्या वेळेला नंबर लागेल अशी अपेक्षाही ठेवू नये. जाणाऱ्यांनी बर्फाची पेटी घरूनच न्यावी आणि सूचना समोरच लिहून घ्याव्यात.