कोकणात पिकअप घ्यायचीय: देशी बरी की परदेशी?

बाजारात ज्यांना 'परदेशी' म्हणतात त्यातली एकही पिकअप आज तयार होऊन जहाजातून उतरत नाही. इसुझूच्या डी-मॅक्स आणि व्ही-क्रॉस आंध्रातल्या श्री सिटीत बनतात. तिथला कारखाना २०१६ साली सुरू झाला. टोयोटाची हायलक्स बंगळुरूजवळच्या बिडदीतून निघते. मारुतीच्या सुपर कॅरीला तर कुणी परदेशी म्हणतच नाही, पण मारुतीची मालकी जपानच्या सुझुकीकडे आहे. उलट अशोक लेलँडची दोस्त आपण बिनधास्त देशी धरतो. ती २०११ मध्ये आली तेव्हा लेलँडच्या जोडीला निस्सान होती. निस्सान पुढे बाहेर पडली, दोस्त चालूच राहिली.

तेव्हा बॉनेटवरचा बिल्ला कुठल्या देशाचा, यावर वाद घालत बसण्यात अर्थ नाही. कुडाळच्या एका फिटरने हे माझ्यापेक्षा नेमकं सांगितलंय: "गाडी खंयची ता माका नको सांगू, पार्ट खंय गावतलो ता सांग." या लेखात मी 'देशी' म्हणतो ते महिंद्रा, टाटा आणि लेलँडला, 'परदेशी' म्हणतो ते इसुझू आणि टोयोटाला. सुपर कॅरी आणि टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, यांचा विचार थोडा वेगळा आहे, तो पुढे येईल.

आता हौद्यात काय भरणार, ते सांगा. बागायतदार असाल तर मार्च ते मे आंब्याचे क्रेट आणि पेट्या. क्रेट वीस किलोचा धरला तर दीड टनात पंचाहत्तर क्रेट झाले. पण आंब्यावर आंबा दाबून चालत नाही, म्हणून इथे वजनाइतकीच हौद्याची लांबी बघावी लागते. मासळीवाल्याचं उलटं. बर्फासकट टब भरला की जागा उरते आणि पाटे, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बसतात. चिऱ्याचं तर बोलायलाच नको. एक जांभा चिरा तीस किलोच्या आसपास जातो, म्हणजे दीड टनात पन्नासच चिरे कायदेशीर. प्रत्यक्षात किती भरतात हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे.

या कामांपुढे हायलक्स आणि व्ही-क्रॉस ठेवल्या की त्या आपोआप बाजूला पडतात. दोन्ही रुबाबदार, दोन्हींत फोर बाय फोर मिळते, हायलक्सला सात एअरबॅग. पण पाच माणसांची केबिन पुढे असल्यामुळे मागचा हौदा पाच फुटांच्या आसपास, आणि कागदावर माल अर्ध्या टनाच्याही आत. हायलक्स २०२२ मध्ये आली तीच ३४ लाखांच्या घरात. तेवढ्या पैशात देशी दीड टनी पिकअप तीन येतात. शिवाय या दोघींची नोंदणी पांढऱ्या पाटीवर, खासगी. भाडं मारायला त्या नाहीतच. तारकर्ली-गुहागर पट्ट्यात रिसॉर्ट आहे, पाहुण्यांना आणायचं, स्कूबाचं सामान टाकायचं, अधूनमधून स्वतः कुटुंबाला घेऊन फिरायचं, अशांनी खुशाल घ्याव्यात. फक्त त्याला धंद्याची गाडी म्हणू नये. ती हौसेची गाडी आहे आणि हौसेला मोल नसतं.

खरी झुंज आहे ती बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, इंट्रा या एका बाजूला आणि इसुझूची साधी सिंगल केबिन डी-मॅक्स दुसऱ्या बाजूला.

इथे एक समज फार घट्ट बसलाय, की जपानी इंजिन म्हणजे घाटात दमदार. व्ही-क्रॉसपुरता तो खरा आहे, तिचं १.९ लिटरचं इंजिन १६३ अश्वशक्तीचं आहे. पण मालवाहू डी-मॅक्समध्ये ते इंजिन येतच नाही. तिच्यात अडीच लिटरचं, ७८ अश्वशक्तीचं इंजिन, टॉर्क, म्हणजे चढावर गाडी ओढणारा जोर, १७६ न्यूटन मीटर. बोलेरो पिकअपचं इंजिनही अडीच लिटरचंच, ७५ अश्वशक्ती आणि टॉर्क २०० न्यूटन मीटर. योद्धाचं २.२ लिटरचं, १०० अश्वशक्ती आणि २५० न्यूटन मीटर. म्हणजे भरल्या गाडीने आंबा घाट किंवा करूळ चढायचा तर कागदावरच्या टॉर्कमध्ये या तिघींत योद्धा पुढे आहे आणि इसुझू सर्वात मागे. कागदाबाहेर काय? डी-मॅक्स चालवणारे ड्रायव्हर तिच्या केबिनबद्दल, स्टेअरिंगबद्दल आणि हायवेवर गाडी हलत नाही याबद्दल भरभरून बोलतात, आणि ते खोटं नाही. रत्नागिरीहून रात्रभर वाशीला जाणाऱ्याला पाठ शाबूत ठेवण्याचं मोल कळतं. पण महिंद्राच्या २०२३ च्या मॅक्स पिकअपपासून हे अंतरही बरंच कमी झालंय. त्या मालिकेत दोन टनांपर्यंत माल आणि दहा फुटी हौदा मिळतो. आंब्याच्या गाडीला मी हाच आकडा आधी बघेन.

आता गंज. बाकीच्या महाराष्ट्रात पिकअपची तुलना करताना हा मुद्दा शेवटी एका ओळीत येतो. आपल्याकडे तो पहिला हवा.

मिरकरवाड्याच्या किंवा हर्णैच्या बंदरावर फाळका (हौद्याचं मागचं झाकण) पाडून उभ्या असलेल्या कुठल्याही जुन्या पिकअपखाली वाकून बघा. बर्फाचं पाणी मासळीचा खारा रस घेऊन टबातून पत्र्यावर येतं, पत्र्याच्या सांध्यातून खाली गळतं आणि मागच्या चाकावरून चासी जिथे वर वाकते तिथे, पाट्यांच्या हँगरपाशी साठतं. वरून रंग चांगला दिसतो. तिथे स्क्रूड्रायव्हरची मूठ मारून बघा. शाबूत चासी टणकन वाजते, आतून खाल्लेली ठप्प वाजते आणि तपकिरी पापुद्रे हातावर पडतात. त्याच्या जोडीला ब्रेकचे पाइप आणि फाळक्याच्या बिजागऱ्या. मासळीच्या गाडीची ही तीन ठिकाणं गेली की इंजिन कितीही चांगलं असलं तरी पासिंगला, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीला, रडारड.

यात देशी-परदेशी फरक किती? चासीला कारखान्यातून येणारा रंग हल्ली सगळ्यांचाच बरा असतो. फरक पडतो तो हौद्यात. बोलेरो किंवा योद्धाचा हौदा म्हणजे उघड्या चॅनेलवर ठोकलेला पत्रा. सडला तर चिपळूण, रत्नागिरी, कणकवली कुठेही वेल्डर तो कापून नवा बसवतो. मालवाहू डी-मॅक्सचंही साधारण तसंच. व्ही-क्रॉस-हायलक्सचा हौदा मात्र दुहेरी पत्र्याचा, केबिनच्या रंगाशी जुळणारा. त्यात खारं पाणी दोन पत्र्यांच्या मध्ये अडकलं तर कळतं ते भोक पडल्यावर, आणि अख्खा पॅनल मागवावा लागतो. त्यात मासळी भरायचा विचारही करू नये.

मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै. ते दोन महिने गाडी उभी, आणि गंज सगळ्यात जास्त तेव्हाच चढतो, कारण हंगामाचं मीठ अंगावर तसंच आणि वर पावसाची दमट हवा. गाडी लावून ठेवण्याआधी चासीच्या आतून-बाहेरून गोड्या पाण्याचा जोरात फवारा मारा, दोन दिवस कडक उन्हात सुकवा, मग अंडरकोटिंग. जळकं ऑइल फासण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. पत्र्याला ते मानवतं, पण रबरी बुश फुगवून टाकतं. ही काळजी कुठल्याही कंपनीच्या गाडीला घ्यावीच लागते, आणि ती न घेता 'देशी पत्रा पातळ' म्हणून बोटं मोडणारे बरेच आहेत.

दुरुस्तीकडे येऊ. 'बोलेरो कुठेही दुरुस्त होते' हे वाक्य २०२० पर्यंत शंभर टक्के खरं होतं. त्या वर्षी १ एप्रिलला बीएस-सहा हा धुराच्या प्रदूषणाचा कडक नियम आला, २०२३ च्या एप्रिलपासून त्याचा दुसरा टप्पा, आणि आता देशी गाडीतही सेन्सर, सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर, डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा हे सगळं आलं. नाक्यावरचा फिटर क्लच, पाटे, बेअरिंग डोळे झाकून करतो, पण दिवा लागला की त्यालाही स्कॅनर लागतो. बंदरापासून बाजारापर्यंत चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्यांना हा दिवा जास्त छळतो. सायलेन्सर पुरेसा तापतच नाही आणि काजळी जळत नाही. आठवड्यातून एकदा गाडी हायवेला काढून अर्धा-पाऊण तास सलग पळवावी लागते.

तरीही देशीचं पारडं इथे जडच आहे, आणि कारण साधं: संख्या. गावात दहा बोलेरो असल्या तर अकराव्या बोलेरोची क्लचप्लेट दुकानात टांगलेली असते. अडलीच तर भंगारातल्या गाडीचा हाफ शाफ्ट सापडतो. इसुझूचं तसं नाही. गाडी बळकट आहे, लवकर काही मागत नाही. पण मागेल तेव्हा किती दिवस उभी राहील हे तुमच्या जवळच्या अधिकृत वर्कशॉपवर ठरतं. २० एप्रिलला, आंबा ऐन भरात असताना, आठवडाभर गाडी बंद म्हणजे काय, हे बागायतदाराला वेगळं सांगायला नको. बुकिंग करण्याआधी शोरूमला नव्हे, वर्कशॉपला जा. क्लचप्लेट, पुढची काच आणि हेडलाइट या तिन्हींची किंमत आणि मिळायला लागणारा वेळ विचारा. वर्कशॉपला जायला घाट चढावा लागत असेल तर टोइंगचा खर्च धरूनच हिशेब करा.

परदेशी कंपनी उद्या गाशा गुंडाळेल ही भीतीही अगदीच हवेतली नाही. जनरल मोटर्सने २०१७ अखेर इथली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये कारखाने बंद करत असल्याचं जाहीर केलं. पण मॉडेल बंद पडण्यात देशीही मागे नाहीत. टाटाची झेनॉन आणि महिंद्राची इम्पेरिओ घेतलेल्यांना विचारा. म्हणून कंपनीपेक्षा मॉडेल किती खपतंय ते बघा.

कागदपत्रांचं थोडक्यात. माल धरून एकूण वजन ३००० किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्यानुसार परमिट लागत नाही. बऱ्याच पिकअपचं वजन या रेषेच्या जरा खाली बेतलेलं असतं ते उगाच नाही. दोन टनी मॉडेल या रेषेवरून जातं, म्हणजे परमिटचा खटाटोप आला. लायसन्स साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं, चालतं. ७५०० किलोपर्यंत वेगळा ट्रान्सपोर्टचा शेरा नको, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. कॅनिंगवाले, प्रक्रिया उद्योगवाले मालवाहू गाडीवर भरलेल्या जीएसटीची वजावट घेऊ शकतात. ताजा आंबा विकणाऱ्याला ती मिळत नाही, कारण त्याच्या मालावर जीएसटीच नाही. राज्याचा एकरकमी कर मालवाहू पिकअपला जुलै २०२५ पासून किमतीच्या ७ टक्के, आणि वीस लाखांवरच्या खासगी डिझेल गाडीला १५ टक्के. व्ही-क्रॉसचं स्वप्न बघताना ही रक्कम बाजूला काढून ठेवा.

रस्त्याचंही बघायला हवं. दोन्हीकडे जांभ्याचे गडगे आणि मध्ये नऊ-दहा फुटांची वाट असलेल्या वाड्या आपल्याकडे कमी नाहीत. सव्वापाच मीटरहून लांब व्ही-क्रॉस तिथे वळत नाही, मागे घ्यावी लागते. दहा फुटी हौद्याची मॅक्सही फार सुखाने वळत नाही म्हणा. टाटा एस आणि सुपर कॅरी दोन्ही ३.८ मीटरच्या, या अंगणातून त्या अंगणात सहज फिरतात. नारळ, काजू, किराणा, गॅस सिलिंडर असा पाऊण टनाच्या आतला माल आणि तालुक्याबाहेर फारसं जाणं नाही, अशांनी मोठ्या पिकअपचा हप्ता कशाला डोक्यावर घ्यावा? सुपर कॅरीचं पेट्रोल इंजिन शांत आहे. सीएनजी स्वस्त पडतं, पण भरल्या गाडीने चढ घेताना दम कमी पडतो, आणि सणासुदीला पंपावरच्या रांगेत जाणारा वेळ कुणी हिशेबात धरत नाही.

माझं मत विचाराल तर: चिरा, वाळू, सिमेंटला योद्धा. आंब्याला दहा फुटी हौद्याची मॅक्स. मासळीला साधी बोलेरो पिकअप, कारण तिचा हौदा सडणारच आहे आणि तो बदलणं सोपं आहे. डी-मॅक्स सिंगल केबिन घ्यावी ती वर्षभर लांब पल्ल्याची, कोरड्या मालाची नियमित भाडी असणाऱ्याने, आणि वर्कशॉप हाताशी असेल तरच. कामाची माणसं आणि अवजारं एकत्र न्यायची असतील तर बोलेरो कॅम्पर आणि इसुझूची एस-कॅब दोन्ही चालवून बघा. माल दोन्हींत टनाच्या आसपास. इथे इसुझूची केबिन खरोखरच वरचढ आहे आणि जास्तीचे पैसे मला पटतात. मुख्य म्हणजे मजूर केबिनमध्ये बसतात. गणपतीत हौद्यात माणसं भरून नेणाऱ्यांनी विम्याची पॉलिसी एकदा वाचावी.

मासळीसाठी घेणार असाल तर आणखी एक करा. तयार हौद्याची गाडी घेऊ नका, नुसती केबिन-चासी मागवा आणि हौदा स्थानिक बॉडीवाल्याकडून बांधून घ्या: तळाला फायबर किंवा स्टेनलेसचा पत्रा, मागच्या बाजूला थोडा उतार, आणि पाणी चासीवर न पडता थेट मागे रस्त्यावर जाईल असा पाइप. बॉडीवाला आठवडा-दोन आठवडे घेतो आणि नंतर आरटीओत नोंदणी, तेव्हा १ ऑगस्टला बंदी उठायच्या आत गाडी हवी असेल तर चासी जूनच्या सुरुवातीलाच हातात पडायला हवी.