मांडीवरचा फोन टिपणारा कॅमेरा

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात लाल सिग्नलला थांबून फोन मांडीवर टेकवला, तरी कायद्याच्या हिशेबात तो 'धरलेला'च. आणि रस्त्यावर उंच बसवलेला, किंवा कडेच्या ट्रेलरच्या खांबावरचा कॅमेरा नेमका त्याच जागी डोकावतो. अ‍ॅक्युसेन्सस या ऑस्ट्रेलियन कंपनीची ही यंत्रणा 1 डिसेंबर 2019 पासून चालू आहे. तीन महिने नुसती ताकीद दिली, मग 1 मार्च 2020 पासून 344 डॉलर दंड (शाळेजवळ 457) आणि 5 डिमेरिट पॉइंट (परवान्यावर जमा होणारे दंडाचे गुण, मर्यादा गाठली की परवाना स्थगित). दंडाची रक्कम त्यानंतर वाढत गेली आहे.

चित्र चोख येतं, आणि त्याचं श्रेय अल्गोरिदमपेक्षा बसवण्याच्या कोनाला जास्त. खालून पाहिलं तर काचेवर आभाळच चमकतं. म्हणून कॅमेरा उंचावर, खाली झुकलेला. फ्लॅश इन्फ्रारेड असल्याने चालकाचे डोळे दिपत नाहीत आणि रात्रीही काम अडत नाही. एका चित्रात नंबरप्लेट आणि समोरची बाजू, दुसऱ्यात तीव्र कोनातून मांडी. तरी स्टिअरिंगच्या कडेआड गेलेला फोन सुटतोच, त्याला इलाज नाही.

अल्गोरिदम फक्त चाळणीचं काम करतो. त्याला संशय आला नाही ती चित्रं साधारण तासाभरात कायमची पुसली जातात, संशयास्पद तेवढी माणसाकडे जातात. हा माणूस का लागतो, याचं गणित करून बघा. 2019 च्या चाचणीत 85 लाख गाड्या तपासल्या आणि एक लाखाहून जास्त चालक सापडले, म्हणजे साधारण 85 मागे एक. आता समजा, वचक बसून हे प्रमाण 500 मागे एकावर आलं आणि यंत्र निर्दोषांपैकी फक्त एक टक्क्याला चुकून धरतं. लाख गाड्यांत खरे दोषी 200, चुकून धरलेले जवळपास 1,000. 'नव्याण्णव टक्के अचूक' हे जाहिरातीचं वाक्य इथे उताणं पडतं.

माणूस बसवला म्हणजे चूक टळते असंही नाही. नेदरलँड्समध्ये 2023 साली नुसतं डोकं खाजवणाऱ्या चालकाला 380 युरोंचा दंड लागल्याची बातमी गाजली. यंत्रणा वेगळी, पण तिथेही चित्र माणसाने तपासलेलं होतं. इन्फ्रारेड चित्रात रंग हरवतो, मग काळं पाकीट, चष्म्याची डबी, कानाशी टेकलेला रिकामा हात, सगळ्यांवर संशय येऊ शकतो. न्यू साउथ वेल्समध्ये फोन शेजारी बसलेल्या प्रवाशाकडे देण्याच्या क्षणाला सूट आहे, पण एका स्थिर चित्रात 'देतोय' आणि 'धरलाय' सारखंच दिसतं.

नोटीस आली तर आधी पैसे भरू नका. दंड वसूल करणाऱ्या 'रेव्हेन्यू एनएसडब्ल्यू' या राज्याच्या खात्याच्या संकेतस्थळावर नोटीस क्रमांक टाकून फोटो उघडा. वस्तूची आयताकृती कड दिसते का, मागच्या कॅमेऱ्याचा गोल दिसतो का, हात कोणता, ते बघा. गाडी दुसऱ्याने चालवली असेल तर त्याचं नाव कळवा. वस्तू फोन नसेलच तर तिचा फोटो जोडून फेरतपासणी मागा. कोर्ट शेवटी.

पूर्ण परवाना असेल तर स्टँडवर पक्क्या बसवलेल्या फोनवर कॉल, गाणी, नकाशा चालतं, मेसेज नाही. शिकाऊ, पी1 आणि पी2 (शिकाऊनंतरचे दोन तात्पुरते परवाने) वाल्यांना फोन स्टँडवरसुद्धा वापरायला मनाई आहे. पी1 ची मर्यादा 4 पॉइंटची आणि हा गुन्हा 5 चा, म्हणजे एका फोटोत परवाना गेला. नवा परवाना काढलेल्या पोराच्या आईबापांनी हे गणित फ्रिजवर चिकटवावं.

कॅमेऱ्याजवळ इशाऱ्याची पाटी लावायची नाही, असं सुरुवातीलाच ठरलं, त्यावर ओरडही झाली. मला तो निर्णय पटतो. वेगाची पाटी वाचून माणूस निदान त्या धोक्याच्या वळणावर तरी सावकाश जातो. फोनची पाटी वाचून तो दोनशे मीटर फोन खाली ठेवील आणि पुन्हा उचलेल.

यंत्रणेची खरी ताकद कायद्याच्या शब्दांत आहे. फोन अंगाला लागलेला दिसला की झालं, पडद्यावर काय होतं हा प्रश्नच उरत नाही. उलट स्टँडवरच्या फोनला लागलेलं बोट गाणं बदलतंय की मेसेज लिहितंय, हे कॅमेरा सांगू शकत नाही, आणि तिथे तो लंगडा पडतो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2024 पासून आलेल्या आयटीएमएस या कॅमेऱ्यांच्या वाहतूक यंत्रणेच्या उल्लंघनांच्या यादीतही फोन आहे. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ऑगस्ट 2021 च्या नियम 167अ ने काही गोष्टी नीट बांधल्या आहेत: उपकरणाला दरवर्षी नूतनीकरण करावं लागणारं मान्यता प्रमाणपत्र, इशाऱ्याच्या पाट्या, 15 दिवसांत नोटीस. पण 1 ऑक्टोबर 2020 पासून, लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने, रस्ता शोधायला फोन वापरायची मुभा आहे. तेव्हा हातातल्या फोनचा फोटो निघाला आणि चालक म्हणाला 'मॅप बघत होतो', तर पडद्यावर काय होतं याचं उत्तर त्या फोटोत नसतं.