१७ की १८ इंच? स्पोर्ट्स कारचे टायर बदलताना

मूळ टायर २२५/४५ आर१७, आणि मन अडकलंय २२५/४० आर१८ मध्ये. यात २२५ ही टायरची रुंदी मिमीमध्ये, ४५ किंवा ४० म्हणजे साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची रुंदीच्या किती टक्के, आणि शेवटचा आकडा रिमचा व्यास इंचांत. आधी हिशेब करू. पहिल्याचा पूर्ण व्यास सुमारे ६३४ मिमी, दुसऱ्याचा ६३७. फरक अर्धा टक्कासुद्धा नाही, म्हणजे स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवेल ही चिंता सोडा.

खरा फरक साइडवॉलचा. १७ ला ती १०१ मिमी उंच, १८ ला फक्त ९०. साइडवॉल कमी, तशी ती वळणावर कमी दबते आणि स्टीअरिंगला गाडी लगेच प्रतिसाद देते. पण तोच ११ मिमीचा रबर खड्ड्यात रिम वाचवत असतो! १८ वर धक्के जास्त जाणवतात, रिम वाकायची भीतीही जास्त.

खर्चात १७ स्वस्त, कारण १८ साठी रिमही नवे लागतात. ते बहुधा जडही असतात. मग सस्पेन्शनवर ताण येतो. पकड मात्र रबराच्या मिश्रणावर जास्त अवलंबून. रुंदी दोन्हींची सारखीच आहे.

रोज खराब रस्त्यांवर चालवणाऱ्यांनी १७ च ठेवावा. गुळगुळीत रस्ते, वळणांची हौस आणि हलके रिम असतील, तर १८ घ्या. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो) आणि स्पीड रेटिंग (किती वेगापर्यंत चालतो) मात्र मूळ टायरपेक्षा कमी नको.